आयझेनहॉवर यांचं 1953चं भाषण मराठीत आणताना: ‘चोरी’ म्हणू की ‘तोंडचा घास’?

मृणाल, सांगली

नमस्कार. आमचा सहा जणांचा अभिवाचनाचा गट आहे. पुढच्या महिन्यात अमेरिकेचे माजी अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांची दोन भाषणं मराठीतून वाचायची ठरली आहेत, आणि अनुवाद माझ्याकडे आहे. पहिलं 16 एप्रिल 1953चं, वॉशिंग्टनला वर्तमानपत्रांच्या संपादकांपुढे केलेलं. स्टालिनला जाऊन सहा आठवडे झाले होते आणि कोरियातली लढाई अजून चालू होती. दुसरं 17 जानेवारी 1961चं, टीव्हीवरून केलेलं निरोपाचं.

वक्ता म्हणून आयझेनहॉवर साधारण, असंच मी सगळीकडे वाचलं होतं. पत्रकार परिषदेत त्यांची वाक्यं मध्येच भलतीकडे वळायची म्हणे. त्यामुळे पहिल्या भाषणातला हा उतारा सापडला तेव्हा मी भाषण नक्की त्यांचंच ना, हे दोनदा बघितलं. माझा कच्चा खर्डा असा:

“तयार होणारी प्रत्येक तोफ, पाण्यात उतरणारी प्रत्येक युद्धनौका, सुटणारं प्रत्येक रॉकेट ही शेवटी चोरी आहे. जे भुकेले आहेत आणि ज्यांना कुणी खायला घालत नाही, जे गारठलेत आणि ज्यांच्या अंगावर कपडा नाही, त्यांच्याकडून केलेली चोरी.”

अडचणी चार आहेत.

गटातल्या दोघांना ‘चोरी’ कोरडं वाटतं. त्यांना ‘भुकेल्यांच्या तोंडचा घास काढून घेणं’ हवं आहे. मलाही ते कानाला गोड लागतं, पण मन घेत नाही.

एका लढाऊ विमानासाठी आपण पाच लाख बुशेल गहू मोजतो, असं ते म्हणतात. सांगलीच्या श्रोत्यांना बुशेल कसं सांगायचं?

शेवटाकडे मानवजात लोखंडी क्रुसावर टांगलेली आहे अशी प्रतिमा येते. क्रूस ठेवू की सूळ?

आणि निरोपाच्या भाषणातला तो प्रसिद्ध शब्द, ‘मिलिटरी-इंडस्ट्रियल कॉम्प्लेक्स’, म्हणजे लष्कर आणि त्याला शस्त्रं पुरवणारे उद्योग यांची जुळणी. वर्तमानपत्रांत ‘लष्करी-औद्योगिक संकुल’ छापतात. ते वाचलं की माझ्या डोळ्यांपुढे क्रीडा संकुल उभं राहतं, तिकीट खिडकीसकट.

धान्यबाजार, लातूर

बुशेलचं तेवढं मी सांगतो. ते मुळात मापाचं परिमाण, आपल्या पायलीसारखं. म्हणून धान्यागणिक त्याचं वजन बदलतं. गव्हाचं बुशेल 60 पौंडांचं धरतात, म्हणजे 27 किलो 200 ग्रॅम. मक्याचं 56 पौंड. पाच लाख बुशेल गहू म्हणजे 13,600 टन, म्हणजेच 1 लाख 36 हजार क्विंटल. दहा टनांचा ट्रक धरला तर 1,360 ट्रक. ओळीत लावले तर आमच्या मार्केट यार्डात मावणार नाहीत.

वाचताना ‘क्विंटलची सव्वा लाखाहून जास्त पोती’ म्हणा. पोतं सगळ्यांनी बघितलेलं असतं.

वसईकर

क्रूसच ठेवा, माझी कळकळीची विनंती आहे. आमच्याकडे ईस्टरआधीच्या उपवासकाळात दर शुक्रवारी क्रुसाची वाट चालतात, त्यामुळे हा शब्द मी लहानपणापासून मराठीच म्हणून ऐकलेला आहे. सूळ म्हटलं की मराठी कानाला गुन्हेगार दिसतो. सुळावर चोराला देतात, कटवाल्याला देतात. क्रुसावर असतो तो निर्दोष. आयझेनहॉवर यांना तेच म्हणायचं आहे: मानवजातीनं गुन्हा केलेला नाही, तरी ती टांगलेली आहे. शिवाय सूळ आरपार जातो, त्यावर कुणाला टांगत नाहीत.

प्रोटेस्टंट बायबलमधला ‘वधस्तंभ’ अर्थानं बरोबर असला तरी ‘लोखंडी वधस्तंभ’ म्हणताना जीभ अडखळते.

एक संदर्भ तुमच्या निवेदकाला द्या. 1896च्या जुलैमध्ये शिकागोला अमेरिकी पुढारी विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनी सोन्याला बांधलेल्या चलनाविरुद्ध कर्जबाजारी शेतकऱ्यांची बाजू मांडताना बजावलं होतं की मानवजातीला सोन्याच्या क्रुसावर चढवू नका. ते भाषण अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या पाठ होतं. समोर बसलेल्या संपादकांना सोन्याच्या जागी लोखंड आलेलं नक्की कळलं असणार.

हिशेबनीस

मृणालताई, मी दारूगोळ्याच्या कारखान्यात हिशेब विभागात 31 वर्षं काढली. त्यामुळे ही दोन्ही भाषणं मला जवळची आहेत. जरा सविस्तर लिहितो.

‘चोरी’ बदलू नका. तोंडचा घास काढणं हे आपण सावकाराबद्दल म्हणतो, भाऊबंदकीत म्हणतो. त्यात हळहळ असते. चोरी हा फौजदारी शब्द आहे. हा माणूस आयुष्यभर सैन्यात होता, नॉर्मंडीच्या स्वारीचा सरसेनापती होता, आणि तो आपल्याच सरकारच्या खर्चाला चोरी म्हणतो आहे. ती धार हळहळीत बुडवू नका. त्यांच्या मूळ वाक्यात एकही सजवलेला शब्द नाही. भुकेले, गारठलेले, कपडा. तुमच्या खर्ड्यात हे उतरलं आहे, मोडू नका.

आता आकडे. त्या चोरीच्या वाक्यावर टाळ्या येतील, पण भाषणाचं हाड त्यापुढच्या परिच्छेदात आहे. एका आधुनिक बॉम्बर विमानाची किंमत म्हणजे तीसहून अधिक शहरांत प्रत्येकी एक विटांची पक्की शाळा. किंवा प्रत्येकी साठ हजार वस्तीच्या गावाला पुरतील अशी दोन वीज केंद्रं. किंवा दोन सुसज्ज रुग्णालयं. किंवा काँक्रीटचा पन्नास मैल, म्हणजे ऐंशी किलोमीटर, रस्ता. एका विनाशिका युद्धनौकेच्या किमतीत आठ हजारांहून जास्त माणसांची घरं. हे डॉलरमध्ये सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिलं नसतं. मी रोज लाखांचे आकडे या रकान्यातून त्या रकान्यात नेत असे. पाच-सात शून्यं झाली की मन बधिर होतं, हे मी स्वतःवर अनुभवलं आहे. शाळा म्हटलं की शून्यं गळून पडतात आणि दार, फळा, पोरं दिसायला लागतात.

या भाषणाचा मसुदा त्यांचे भाषणलेखक एमेट ह्यूज यांचा. पण ही दिशा अध्यक्षांनीच दिली, असं ह्यूज यांनी लिहून ठेवलं आहे. डोक्यावरून घोंघावत जाणारं जेट पाऊण मिलियन डॉलरचं आहे, वर्षाला दहा हजार कमावणाऱ्याची जन्माची कमाईसुद्धा तेवढी होत नाही, असा हिशेब आयझेनहॉवर यांनी त्यांना बोलून दाखवला होता. तेव्हा हे आकडे वाचताना घाई करू नका. एकेक वस्तू ठेवा आणि थांबा. ते स्वतः त्या दिवशी फार आजारी होते. पोटात कळा, अंगाला घाम, समोरचं मेज धरून कसंबसं बोलणं पुरं केलं. त्यांचा वेग तुमच्या वाचनाला उपयोगी नाही, तुमचा तुम्ही ठरवा.

आता ‘संकुल’. तुमचं म्हणणं खरं आहे, तो शब्द मेलेला आहे. पुष्कळ जण त्याऐवजी ‘साटेलोटे’ सुचवतील. तेही घेऊ नका. साटेलोटे म्हणजे ठरवून केलेलं. आयझेनहॉवर यांचं वाक्य बारकाईनं वाचा: सरकारच्या दरबारात या मंडळींचं अवाजवी वजन वाढू देऊ नका, मग ते वजन त्यांनी मागितलेलं असो वा न मागितलेलं. ‘न मागितलेलं’ हा शब्द मला निवृत्तीनंतर कळला.

आमच्या कारखान्यात ओव्हरटाइम सुरू झाला की बाहेरच्या बाजारपेठेला त्याच आठवड्यात कळायचं. किराणावाला उधारीची वही सैल करायचा. शिंप्याकडे गर्दी, भिशीची रक्कम मोठी, कुणाच्या तरी घराचा स्लॅब पडायचा. सीमेवर तणाव वाढला की आमच्याकडे काम वाढायचं. कुणीही वाईट माणूस नव्हता. लढाई व्हावी असं कुणाच्याही मनात नव्हतं. माझ्या दोन्ही मुलींचं शिक्षण त्याच पगारावर झालं. पण काम कमी व्हावं असंही कुणाला वाटत नव्हतं, आणि ते वाटणं आमदारापर्यंत, खासदारापर्यंत आपोआप पोचायचं. 1961 साली अमेरिकेत संरक्षणाच्या कामावर 35 लाख माणसं थेट लागलेली होती, हा आकडा आयझेनहॉवर यांनी त्याच भाषणात दिला आहे. म्हणजे 35 लाख चुली. त्यांच्याभोवती किराणावाले, शिंपी, भिशीवाले किती, ते धरा.

म्हणून माझा शब्द ‘लष्कर-उद्योगाचा गोतावळा’. गोतावळ्यात कट नसतो. सगळे एकमेकांना धरून असतात, एकाचं दुखलं की सगळे धावतात, आणि बाहेरच्याला आत शिरता येत नाही. विद्वानांना तो घरगुती वाटेल. माझ्या अनुभवाला तो बरोबर बसतो.

मृणाल, सांगली

काका, ओव्हरटाइमचा परिच्छेद मी काल गटात मोठ्यानं वाचून दाखवला. कुणी काही बोललं नाही थोडा वेळ. गोतावळा मी घेते आहे.

पण आमच्यातल्या एकाचा आक्षेप उरतो. चोरीचं भाषण करणाऱ्या याच माणसाच्या आठ वर्षांत अमेरिकेचे अण्वस्त्रसाठे हजार-दीड हजारांवरून अठरा हजारांवर गेले. 1953च्या ऑगस्टमध्ये इराणातलं मोसादेक सरकार उलथवण्यातही त्यांच्या गुप्तहेर खात्याचा हात होता. मग हे बोलणं मनापासूनचं कसं मानायचं?

नीलिमा, न्यू जर्सी

मी इथे ग्रंथालयात काम केलं. अमेरिकी अध्यक्षांची जाहीर भाषणं, निवेदनं, पत्रकार परिषदा सरकार वर्षावार खंडांत छापतं. आयझेनहॉवर यांचे आठ खंड आहेत. एकटं भाषण वाचून मन कळत नाही, आसपासची पानं वाचावी लागतात. तुमच्या मित्राला 1960च्या मे महिन्याची पानं वाचायला सांगा.

1 मे. इकडे महाराष्ट्र राज्य जन्माला आलं, त्याच दिवशी सोव्हिएत संघानं अमेरिकेचं यू-2 हेरगिरी विमान पाडलं. 4 मे रोजी आपले स. का. पाटील अन्नमंत्री म्हणून वॉशिंग्टनला होते. त्यांनी आणि आयझेनहॉवर यांनी चार वर्षांत 1 कोटी 60 लाख टन गहू आणि 10 लाख टन तांदूळ भारताला देण्याच्या करारावर सह्या केल्या. आणि त्याच आठवड्यात आयझेनहॉवर यांचं सरकार जगाला सांगत होतं की पाडलेलं ते हवामान पाहणीचं विमान होतं, वाट चुकलं. 7 तारखेला सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी वैमानिक जिवंत असल्याचं जाहीर केलं आणि ते खोटं उघडं पडलं. 11 तारखेच्या पत्रकार परिषदेत आयझेनहॉवर यांनी हेरगिरी ही अप्रिय पण अत्यावश्यक गरज असल्याचं सांगितलं आणि जबाबदारी हाताखालच्यांवर ढकलली नाही.

गहू, खोटं आणि कबुली, सगळं दहा-बारा दिवसांत, एकाच माणसाच्या नावावर. मला ते मनापासून बोलले असं वाटतं, आणि जे बोलले ते त्यांना स्वतःला पाळता आलं नाही असंही वाटतं. निरोपाच्या भाषणात निःशस्त्रीकरणाच्या बाबतीत आपण निश्चित निराशेनं हे पद सोडतो आहोत, असं ते म्हणतात. ती ओळ सहसा कुणी उद्धृत करत नाही. तुम्ही ती वाचा. 1953च्या भाषणातली चोरी आणि शाळा ऐकल्यावर श्रोत्यांना ती हवीच.

मृणाल, सांगली

नीलिमाताई, ती ओळ माझ्या निवडीत नव्हतीच. गोतावळ्याच्या परिच्छेदानंतर घेते.

आता ठरलं ते असं. चोरी राहिली. क्रूस राहिला, ब्रायन यांचा संदर्भ निवेदनात दोन वाक्यांत. बुशेलऐवजी पोती. शाळा, वीज केंद्रं, रुग्णालयं, रस्ता हे चार जण एकेक करून वाचतील, मध्ये पूर्ण थांबून. गव्हाचं वाक्य आमच्यातल्या ज्याचं घर अजून शेतीवर चालतं त्याच्याकडे दिलं आहे. त्यानं कालच विचारलं की 1 लाख 36 हजार पोत्यांना किती एकर लागतील. एकरी बारा क्विंटल धरून आम्ही मांडलं: अकरा हजार एकरांच्या वर. ते कागदावर लिहून त्यानं खिशात ठेवलं आहे.