स्टॉकहोममधील एक दिवस: वासासाठी वेळ राखून ठेवा

स्टॉकहोमच्या एका दिवसाच्या भेटीत वासा या जुन्या युद्धनौकेच्या संग्रहालयाला तासभर पुरे होतो, असा सल्ला दिला जातो. मला ते मुळीच पटत नाही. आम्ही उभयतांनी गामला स्तान या जुन्या शहरभागाच्या दगडी गल्ल्या सकाळीच पाहून घेतल्या आणि जवळच्या स्लुसेन धक्क्यावरून फेरीबोटीने संग्रहालयाचे युरगोर्डेन बेट गाठले, हे फार बरे झाले. १६२८ साली पहिल्याच सफरीत बुडालेले आणि १९६१ मध्ये वर काढलेले हे जहाज बहुतांशी मूळ लाकडानिशी उभे आहे, कारण बाल्टिक समुद्राच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारे सागरी किडे तग धरत नाहीत. तोफांच्या खिडक्यांच्या झडपांवर आतल्या बाजूस कोरलेली सिंहमुखे संग्रहालयाच्या मजल्यामजल्यांवरून निरखता येतात. पत्नी तर तिथून हलायलाच तयार नव्हती. नोबेल मेजवानीचे नगरभवन वेळ उरल्यासच पाहावे.