सनावळ्यांआधी गाणं ऐकवा

नववीला संगीत नाटकाचा इतिहास शिकवताना मुलं सनावळ्यांना कंटाळतात, अशी तक्रार शिक्षकांकडून ऐकू येते. चोपड्याकडच्या शाळेत माझाही हाच अनुभव होता. मग मी क्रम उलटा केला.

आधी गावातल्या वहीगायनाच्या, म्हणजे डफाच्या साथीने कथा गाणाऱ्या मंडळाला वर्गात बोलावलं. डफावर थाप पडली आणि मागच्या बाकावरची पोरं आपसूक पुढे सरकली. मुख्य गायक कथा पुढे नेतो, बाकीचे झील धरतात, म्हणजे मागून सुरात साथ देतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तेव्हाच सांगितलं, की नाटककार विष्णुदास भाव्यांच्या सांगलीतल्या 'सीता स्वयंवर'मध्ये (१८४३) गाण्याचा भार असाच सूत्रधारावर होता. पात्रं गायची नाहीत. अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'मध्ये (१८८०, पुणे) पदं पात्रांच्याच तोंडी दिली. एवढा एक बदल पोरांना कळला, की अर्धा इतिहास कळला असं मी मानतो. त्यानंतर १८८० हे साल कुणाकडून पाठ करून घ्यावं लागलं नाही.

एका मुलीने विचारलं, "सर, मंग शकुंतला कोन व्हये?" तिथून स्त्रीपार्टाचा, म्हणजे पुरुषांनी केलेल्या बायकांच्या भूमिकांचा विषय निघाला आणि पूर्ण तास त्यातच गेला. जाऊ दिला. स्त्रीपार्टासाठी गाजलेल्या बालगंधर्वांनी लहानपणी गाण्याचे धडे आपल्या जळगावात मेहबूबखाँकडे घेतले, हे सांगितल्यावर तर वर्ग चमकलाच.

पदं मात्र मोबाईलवर ऐकवू नका, बारीक आवाजात काही पोचत नाही. गावच्या भजनी मंडळाची पेटी मागून आणा, ते आनंदाने देतात.