मदत हवी आहे: जँगोमध्ये मराठी नावाच्या मालाची लिंक बनत नाही, 'नो रिव्हर्स मॅच' येतो

जुळेसोलापूर
सोलापुरातल्या एका यंत्रमाग कारखान्याच्या घाऊक मालाची साइट जँगोत (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) चालू आहे. चादरी, टॉवेल, नॅपकिन. इंग्रजी नावाचा माल असेपर्यंत यादी नीट उघडत होती. 'मयूरपंख चादर' टाकली आणि अख्खं यादीचं पान पडलं. एरर असा:

रिव्हर्स फॉर 'डीटेल' विथ आर्ग्युमेंट्स ('',) नॉट फाउंड. 1 पॅटर्न ट्राइड.

सेव्ह करताना स्लगिफाय फंक्शनने नावावरून स्लग, म्हणजे लिंकमध्ये येणारा नावाचा तुकडा, बनतो. पाथमध्ये (पत्त्याचा साचा) स्लग कन्व्हर्टर आहे, म्हणजे त्या जागी कुठली अक्षरं चालतील हे ठरवणारा भाग. शोधून 'अलाऊ युनिकोड' ट्रू केलं, स्लगफील्डलाही आणि स्लगिफायलाही. आता कंसात रिकाम्याऐवजी 'मयरपख-चदर' असं काहीतरी दिसतं, पण एरर तोच. पाथचं नाव दहा वेळा तपासलं, बरोबर आहे. काय चुकतंय?

सातरस्ता
नाव बरोबरच आहे, ते तपासणं आता सोडा. नाव चुकलं असतं तर 'इज नॉट अ व्हॅलिड व्ह्यू फंक्शन ऑर पॅटर्न नेम' असं आलं असतं. '1 पॅटर्न ट्राइड' म्हणजे जँगोला नाव सापडलं, पण तुम्ही दिलेली व्हॅल्यू त्या पाथच्या साच्यात बसली नाही. या एररमध्ये आधी कंसातली व्हॅल्यू वाचायची.

तुमच्याकडे एकामागे एक तीन गोष्टी लागल्या आहेत.

पहिली: साधं स्लगिफाय फक्त आस्की, म्हणजे साधी इंग्रजी अक्षरं नि अंक ठेवतं. सगळं नाव देवनागरीत, म्हणून हाती रिकामी स्ट्रिंग.

दुसरी: 'अलाऊ युनिकोड' दिलं की ते पायथनच्या रेगेक्समधल्या (मजकूर जुळवायचा साचा) बॅकस्लॅश-डब्ल्यूवर, म्हणजे 'शब्दातलं कुठलंही अक्षर' या खुणेवर चालतं. त्यात क, ख, ग बसतात. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त बसत नाहीत. म्हणून 'टॉवेल'चं 'टवल' होतं. दिसायला वाईट एवढंच नाही. 'मोर चादर' आणि 'मीरा चादर' दोन्हींचं 'मर-चदर' होतं, आणि फील्डवर युनिक (एक स्लग एकदाच) असेल तर दुसरी सेव्हच होणार नाही.

तिसरी, जी तुम्हाला आत्ता अडवते आहे: पाथमधला स्लग कन्व्हर्टर इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन आणि अंडरस्कोर एवढंच घेतो. मॉडेलमधल्या 'अलाऊ युनिकोड'चा त्याच्याशी काही संबंध नाही.

माझा सल्ला: पाथमध्ये आधी इंट (पूर्णांक) कन्व्हर्टरने पीके, म्हणजे डेटाबेसमधला मालाचा क्रमांक घ्या, मग स्लॅश, मग स्ट्र (मजकूर) कन्व्हर्टरने स्लग. व्ह्यूमध्ये माल पीकेवरूनच शोधा. स्ट्र कन्व्हर्टर स्लॅश सोडून काहीही घेतो, फक्त रिकामं घेत नाही. म्हणून जुन्या रिकाम्या स्लगच्या ओळी आधी दुरुस्त करा. तशी एक ओळ राहिली तरी टेम्प्लेटमधला लिंक बनवणारा यूआरएल टॅग तिथेच फुटतो आणि सगळं पान जातं.

स्लग स्वतः मात्र रोमन लिपीत हाताने भरा. देवनागरी लिंक व्हॉट्सॅपवर चिकटवली की बहुतेक वेळा टक्क्याच्या चिन्हांची रांग होते. एका देवनागरी चिन्हाचे यूटीएफ-8 मध्ये 3 बाइट, प्रत्येक बाइटला टक्का आणि दोन अक्षरं, म्हणजे 9 अक्षरं; नुसत्या 'मयूरपंख'ची 63. व्यापाऱ्याला ती लिंक संशयास्पदच वाटणार.

विजापूरवेस
देवनागरीच हवी असेल तर स्लगिफाय सोडून स्वतःचं फंक्शन लिहा आणि रेगेक्समध्ये 0900 ते 097एफ हा युनिकोड पट्टा घाला. पण मग स्लगफील्डऐवजी कॅरफील्ड घ्या, नाहीतर ॲडमिनचा फॉर्म मात्रा बघून नाकारेल.

आणि यूआरएल टॅगला 'ॲज' लावून एरर दाबू नका. पान उघडेल, पण लिंक रिकामी राहील आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जुळेसोलापूर
पीके आणि स्ट्र केलं, जुन्या ओळींचे स्लग हाताने भरले. यादी उघडली! मग टॅगमध्ये 'कॅटलॉग:डीटेल' लिहिलं, तर 'कॅटलॉग इज नॉट अ रजिस्टर्ड नेमस्पेस' येतंय (नेमस्पेस म्हणजे पाथच्या नावाआधी लावायचं ॲपचं नाव). ॲपनेम तर ॲप्स.पीवायमध्ये लिहिलं आहे.

सातरस्ता
जागा चुकली. ॲप-अंडरस्कोर-नेम ही ओळ त्या ॲपच्या यूआरएल्स.पीवायमध्ये, यूआरएल-पॅटर्न्सच्या वर लिहायची. ॲप्स.पीवायमधलं नेम वेगळ्या कामाचं आहे. मुख्य यूआरएल्स.पीवायमध्ये त्या फाइलचं इन्क्लूड आहे ना तेही बघा. नंतर ब्राउझरमध्ये रिफ्रेश मारत बसण्याऐवजी मॅनेज.पीवाय शेल उघडा, जँगो.यूआरएल्समधून रिव्हर्स (पाथच्या नावावरून पत्ता बनवणारं फंक्शन) इम्पोर्ट करा आणि 'कॅटलॉग:डीटेल'ला 5 आणि 'मोर' असे दोन आर्ग्युमेंट द्या. पत्ता छापून आला तर पाथ ठीक, चूक टेम्प्लेटमध्ये.

नेमस्पेस लावल्यावर जुने नुसते 'डीटेल' सगळीकडे बदलावे लागतात: रिडायरेक्टमध्ये, गेट-ॲब्सोल्यूट-यूआरएलमध्ये, सक्सेस-यूआरएलमध्ये. क्लासच्या अंगात सक्सेस-यूआरएल असेल तर रिव्हर्स नाही, रिव्हर्स-लेझी. क्लास वाचला जातो तेव्हा पाथ अजून लोड झालेले नसतात.

सर्व्हरवर टाकल्यावर गनिकॉर्न (तिथे जँगो चालवणारा प्रोग्राम) वापरत असाल तर रीस्टार्ट करा. जुनी प्रोसेस जुनेच पाथ धरून बसते आणि हाच एरर पुन्हा दाखवते.

जुळेसोलापूर
ओळ हलवली, शेलमध्ये पत्ता आला. दोन रिडायरेक्ट राहिले होते, तेही बदलले. दोघांचे मनापासून आभार.