शर्टावर चेक, खिशात चेक, रागालाही चेक : हा एकच शब्द आहे का?

खोडरबर :
भाषांतर करतेय आणि सकाळपासून एकाच परिच्छेदावर अडकून बसलेय. चार ओळींत 'चेक' पाच वेळा. चेक्सचा शर्ट घातलेला माणूस बुद्धिबळाच्या पटावर 'चेक' म्हणतो, समोरचा आपल्या रागाला 'चेक'मध्ये ठेवतो, मग शर्टवाला खिशातला चेक जागेवर आहे ना ते 'चेक' करतो. मी चौकडी, शह, आवर, धनादेश, चाचपणे असे पाच शब्द घातले. अर्थ पोचला, पण गंमत पार गेली. हे पाचही एकाच मुळाचे आहेत, की नुसतेच सारखे दिसतात? कोशात अर्थांची रांग लागलीय, पण त्यांचं आपसात नातं काय ते कळत नाही.

सहजच :
तपासणे, पडताळणे, खातरजमा करणे, रोखणे, वेसण घालणे. मुळाचं ठाऊक नाही. 'चेकाळणे'शी नातं नसावं :)

अर्धंप्यादं :
पाचही एकाच घरातले. आणि गंमत म्हणजे त्या घराचा मूळपुरुष तुम्ही आधीच वापरलाय : शह.

फारसीत शाह म्हणजे राजा. राजावर हल्ला झाला की खेळाडू 'शाह!' म्हणून सावध करायचा. आपल्याकडे तो शह झाला. तोच शब्द अरबांमार्फत युरोपात गेला. तिथल्या लॅटिनमध्ये शेवटचा ह टिकला नाही, त्याचा क झाला. जुन्या फ्रेंचमध्ये 'एस्चेक', आणि इंग्रजीत सुरुवातीचा 'एस्' गळून उरला 'चेक'. त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनाचं इंग्रजीत 'चेस' झालं. म्हणजे खेळाचं नाव शब्दशः 'राजे'!

पुढचं सोपं आहे. शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. त्यावरून चेक म्हणजे अडवणं, आवर घालणं. हा अर्थ चौदाव्या शतकापासूनचा. तपासण्याचा अर्थ बराच नंतरचा, सतराव्या शतकातला, आणि तो अडवण्यातूनच निघालाय : लबाडी अडवायची तर दुसरी नोंद ठेवायची आणि दोन्ही ताडून पाहायच्या. म्हणून मला 'पडताळणे' हा त्याचा खरा जोडीदार वाटतो. 'पाहणी'त नुसते डोळे लागतात, पडताळ्याला दुसरा कागद लागतो.

शर्टाचे चेक्स म्हणजे पटाची घरं. इथून एक फाटा सरकारी तिजोरीत जातो, आणि माझा सगळ्यात आवडता भाग हाच. इंग्लंडच्या राजाचा हिशेब ज्या टेबलावर व्हायचा त्याचं वर्णन खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानं ११७७च्या सुमाराला लिहायला घेतलेल्या ग्रंथात आहे. टेबल सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद, त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. एका रकान्यात पेन्स, दुसऱ्यात शिलिंग, तिसऱ्यात पौंड, मग विसा, शेकडे, हजार. रोमन आकड्यांत एकाखाली एक मांडून बेरीज होत नाही, म्हणून सोंगट्या सरकवायच्या. पटासारखं दिसतं म्हणून त्याला पटाचंच नाव पडलं आणि त्याचं पुढे 'एक्सचेकर', म्हणजे तिथला सरकारी खजिना, झालं. फिट्झनील तर म्हणतो की इथंही लढाई चालते, खजिनदार आणि वसुली आणणारा शेरीफ यांची.

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. आधी तो शब्द मागे ठेवायच्या स्थळप्रतीला होता, कारण खोट्या कागदाला आळा तिच्यामुळे बसायचा. नंतर तो ग्राहकाच्या हातातल्या कागदाला चिकटला. ब्रिटिशांच्या स्पेलिंगमधला 'क्यू' त्या एक्सचेकरचा प्रताप.

दीडशहाणी :
छान. मग 'चेकमेट' म्हणजे 'राजा मेला', हेही लिहा की.

अर्धंप्यादं :
मुद्दाम टाळलं. अरबीत 'मात'चा अर्थ मेला असा होतो, म्हणून ती समजूत पसरली. पण फारसीत मात म्हणजे हतबल, थक्क, काही सुचेनासा झालेला. मला हाच अर्थ पटतो, कारण पटावर राजा कधी मारला जातच नाही, नुसता कोंडला जातो. आपण 'संकटावर मात केली' म्हणतो तेव्हा संकट कुठं मरतं?

आणि शाह हा शब्दही आपल्याला फार परका नाही. त्याच्या जुन्या इराणी मुळाचा अर्थ राज्य करणं, आणि संस्कृतातलं 'क्षत्र' त्याच मुळाचं. क्षत्रिय आणि चेकबुक लांबचे भाऊबंद निघाले.

खोडरबर :
थांबा, मग सुटतंय की! त्यानं 'शह' म्हटलं, समोरच्यानं आधी रागाला शह दिला आणि मग राजा हलवला. इथं मराठी मूळ इंग्रजीपेक्षा नेटकं बसतंय. खिशातला चेक चेकच ठेवते आणि तो 'चेक करतो', हल्ली सगळे तसंच बोलतात. धनादेश खोडला. राहिला शर्ट. 'चौकडी'त शहही नाही आणि चेकही नाही. 'पटाच्या घरांचा शर्ट' चालेल?

दीडशहाणी :
वाचणारा आधी घरं मोजत बसेल. 'चेक्सचा शर्ट'च ठेवा.

सहजच :
किंवा सरळ पांढरा करा. लेखक थोडाच चेक करायला येतोय.