चिमणी म्हणजे काच, की टिनाचा दिवा?

प्रश्न (अंजनगाव सुर्जी)
जुन्या काचसामानाचा नाद आहे. मुंबईकडचा एक व्यापारी यादी पाठवतो, त्यात 'गुलाबी चिमणी, पाकळीदार तोंडाची', 'दुधी हंडी', 'बिलोरी गुलाबदाणी' असं लिहिलेलं असतं. आमच्या खेड्यांत मात्र 'घरात जुनी चिमणी आहे काय जी?' म्हणून विचारलं, की माळ्यावरून टिनाचा वातीचा दिवा निघतो. त्याला काचच नसते! मग लंपाच्या काचेला आपल्याकडं काय म्हणतात?

आर्वी
काचच म्हणतात, दुसरं काय! 'लंपाची काच', 'कंदिलाची काच'. 'काच पुस, अंधार पडून राह्यला' हे दिवेलागणीचं ठरलेलं वाक्य. कोरडी राख चिंधीवर घेऊन आतून फिरवायची. पाण्याचा थेंब गरम काचेवर पडला की तडा गेलाच. चिमणी वेगळी. मातीच्या तेलाची, उघड्या ज्योतीची, धूर सरळ नाकात. आणि काच अजिबात नसते असंही नाही. दवाईच्या रिकाम्या शिशीच्या झाकणाला भोक पाडून वात ओवली की घरची चिमणी तयार. म्हणजे व्यापाऱ्याच्या चिमणीत काच ज्योतीभोवती, आपल्या चिमणीत बुडाशी.

हिंगणघाट
तरी व्यापाऱ्याचं चुकत नाही. कापसाच्या जीनची, गिरणीची चिमणी इकडं कोणाला सांगायला नको. काचेची नळी तेच काम करते. जिनिव्हाच्या आमी आर्गांनं 1780 च्या दशकात गोल पोकळ वातीचा दिवा केला, त्यावर नळी बसवली. आतली हवा तापून वर जाते, खालून ताजी हवा ओढली जाते. ज्योत उजळते, काजळी कमी धरते. म्हणून नळीला धुराड्याचं इंग्रजी नाव, 'चिमनी'. टिनाच्या दिव्याला ते नाव का, याबद्दल माझा कौल 'चिमणा' म्हणजे लहान याकडं. चिमणी पावलं म्हणतो, तसा चिमणा दिवा. इंग्रजी शब्द ऐन वेळी शेजारी येऊन बसला असेल.

आर्वी
दोन्ही आईबाप मानायला माझी हरकत नाही.

कारंजा
बिलोरीवर जरा सांभाळून. बिल्लूर म्हणजे मुळात स्फटिक, खाणीतला. पैलू पाडलेल्या काचेला ते नाव मागून मिळालं, आता बाजारात चकाकेल ते सगळं बिलोरी. पैलूच्या कडेवर बोट फिरवून पहा: हातानं कापलेली कड टोचते, साच्यातली बोथट लागते आणि बऱ्याचदा जोडाची रेघही सापडते. हंडीचं सोपं आहे. मडक्याच्या आकारावरून नाव, झुंबराच्या शेजारी टांगायची.

लंपाची काच मागवताना 'चिमणी' एवढंच लिहू नका, बुडाचा व्यास लिहा. अर्धा सूत फरक पडला तरी बर्नरवर बसत नाही. कराडजवळच्या ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाची काच हवी असेल, तर कंदिलाचं नाव घालूनच मागा; कंदिलाची फुगीर काच आणि टेबललंपाची उंच नळी या एकमेकींच्या जागी चालत नाहीत.

प्रश्नकर्ता, अंजनगाव
पटलं. पण एका आजीनं शिशीचीच चिमणी दिली, झाकण गंजलेलं. संग्रहाच्या वहीत कुठं घालू?

कारंजा
शिश्यांत घाला, पुढं 'चिमणी केलेली' अशी नोंद करा. शिशीवर उठावाची अक्षरं असतील तर ती उतरवून ठेवा. झाकण ओढून काढू नका, तोंडाची कड फुटेल. आणि वात राहू द्या, बापा! ती काढली तर उरते नुसती दवाईची शिशी.