१९८८ चा जिनिव्हा करार: शांतता की नुसती सुटका?

गावगप्पी: अफगाणिस्तानचं वाटोळं म्हटलं की सगळे तालिबानपासून सुरू करतात. मी १४ एप्रिल १९८८ पासून करतो. रशियन फौज अफगाणिस्तानातून काढण्याच्या करारावर जिनिव्हात सह्या केल्या काबूलच्या रशियाधार्जिण्या सरकारने आणि पाकिस्तानने, हमी घेतली अमेरिका आणि सोव्हिएत युनियनने. त्या सरकारशी आणि रशियन फौजेशी प्रत्यक्ष लढणारे बंडखोर, म्हणजे मुजाहिदीन, बोलणीत नव्हतेच! १९८२ पासून संयुक्त राष्ट्रांचे मध्यस्थ कोर्दोव्हेझ दोन्ही बाजूंचे निरोप पोचवत होते. एवढं करून करारात ना युद्धबंदी, ना पुढच्या सरकारबद्दल अवाक्षर. दोष सरळसरळ महासत्तांचा.

तिरकस: सरळसरळ? रशियन फौज बाहेर काढणं हे कराराचं काम होतं. १५ फेब्रुवारी १९८९ ला, ठरल्या मुदतीत, ती बाहेर पडली. आणि मुजाहिदीनना बोलायचं तरी होतं का? १९८७ मध्ये काबूल सरकारचा प्रमुख नजीबुल्ला याने राष्ट्रीय सलोख्याची हाक दिली, ती त्यांनीच धुडकावली.

गावगप्पी: का धुडकावणार नाहीत? शस्त्रं येतच होती ना! हस्तक्षेप करणार नाही असं पाकिस्तानने लिहून दिलं, आणि पुरवठा त्याच्याच हद्दीतून चालू. अमेरिकेचं रशियाला म्हणणं, तुम्ही काबूलला देताय तोवर आम्ही मुजाहिदीनना देणार. पंचांनीच दोन्ही पैलवानांना खुराक पुरवायचा, मग कुस्ती सुटेल कशी? पुरवठा थांबवायचं ठरलं ते १ जानेवारी १९९२ पासून. तोवर एक हमीदार नकाशावरूनच गेला होता.

सीमापार: पाकिस्तानला एवढ्यावर सोडू नका. मार्च १९८९ मध्ये आयएसआयच्या पाठबळाने मुजाहिदीनांनी काबूल सरकारच्या ताब्यातल्या जलालाबाद शहरावर हल्ला चढवला आणि सपाटून मार खाल्ला. रशियन फौजेशिवाय काबूल टिकतं हे तिथेच दिसलं. तडजोडीची खरी वेळ तीच होती.

तिरकस: वेळ १९९२ मध्येही आली होती. नजीबुल्ला पायउतार व्हायला तयार होता, संयुक्त राष्ट्रांचे सेव्हान हंगामी सरकार जुळवत होते. तेवढ्यात नजीबुल्लाचाच सेनानी दोस्तम फिरला. नजीबुल्ला भारताकडे निघाला होता, त्याला काबूल विमानतळावरच अडवलं. (आपणही त्याच्यासाठी फार काही केलं नाही, हे आपल्या चर्चांत कुणी काढत नाही.) पुढे मुजाहिदीन नेता हेकमतयारने काबूलवर रॉकेटं डागली. ती कुठल्या महासत्तेच्या सांगण्यावरून?

गावगप्पी: कुणाच्याच नाही. पण रॉकेटं त्याच्या हातात दिली कुणी? आधी देऊन ठेवायचं आणि मग हात झटकायचे, माझी तक्रार तीच आहे.

सीमापार: मान्य. पण १९८८ मध्ये बोलवायचं कुणाला होतं? पेशावरचे सात पक्ष, शिवाय इराणच्या आश्रयाचे आठ शिया गट. यातले नेमके कोण, ते सांगा.