अजिंठ्यासाठी जळगावात दोन रात्री: चौघांचं स्वस्त आणि चांगलं जेवण कसं जमवावं?

प्रवासिनी: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात जळगावला मुक्काम आहे. आम्ही दोघं, सासूबाई (वय 70, तिखट चालत नाही) आणि 8 वर्षांचा मुलगा. सगळे शाकाहारी. एक दिवस अजिंठा, एसटीनं. चौघांच्या खाण्याला दिवसाचे 1000 रुपये धरलेत. पनीर-नान घरीही मिळतं, खानदेशी हवंय. काय, किती मागवावं? लेणीच्या दिवशी जेवणाचं काय?

तापीकाठ: ताई, डिसेंबर म्हणजे भरिताचे दिवस. हॉटेलात प्लेटनं मागवू नका, भरीत सेंटरवर किलोनं घ्या. चौघांना पाऊण किलो आणि कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) सहा भाकरी. पुऱ्याही मिळतात, पण तेलावर तेल होतं.

वांगं मोठं, पांढरट हिरवं, कमी बियांचं असतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं असेल तर धुराचा वास लागतो. गॅसवरच्याला ती चव नाही, म्हणून आधी भट्टी कशाची ते बघा. हिरवी मिरची आणि लसूण लाकडी बडगीत वांग्याबरोबरच कुटतात, त्यामुळे तिखट नंतर कमी करता येत नाही. "पाव किलो फिकं वेगळं काढा" हे कुटण्याआधी सांगायचं. तयार भरीत तिखट लागलं तर दही कालवा, वरून पाणी घालू नका. आणि दुपारचं रात्रीला ठेवू नका. कांद्याची पात पाणी सोडते, भरीत आंबूस होतं.

कळणाकोंडा: पाऊण किलो? भो, भरिताला माणूस दोनदा हात लावतोच. किलो घ्या.

कळणा मात्र आजींना रात्री नको. ज्वारीत सालासकट उडीद दळलेला असतो, साधारण चारास एक. जड पडतो. रात्री तुरीच्या डाळीची खिचडी आणि कढी. खिचडीवर इथं कच्चं तेल घेतात. आजींसाठी तूप मागा.

प्रवासिनी: शेवभाजी मुलाला चालेल का?

तापीकाठ: रस्सा झेपणार नाही. काळा मसाला, भाजलेलं सुकं खोबरं, कांदा आणि वर तेलाची तरी. तुम्हा दोघांसाठी एक प्लेट पोळीबरोबर पुरते, "तरी कमी" सांगा. पार्सल घेतलं तर शेव वेगळी बांधून घ्या आणि ताटात पडल्यावरच घाला, नाहीतर खोलीवर पोचेपर्यंत लगदा. शेव जाड, तिखट हवी; बारीक फरसाणाची शेव घातली असेल तर ती लगेच विरघळते. मुलाला वरण-बट्टी मागवा. बट्टी कुस्करून वरण-तूप, तिखटाचा प्रश्नच नाही. सोबतची वांग्याची घोटलेली भाजी तुम्ही संपवा.

फर्दापूरफाटा: लेणी सोमवारी बंद असतात, आधी वार बघा. जळगावहून संभाजीनगरकडे जाणारी एसटी फर्दापूरवरून जाते. फाट्यावर उतरून पुढचे चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसनं. तिथं खाणं मिळतं, पण पर्यटकांच्या भावानं. म्हणून डबा न्या.

आदल्या संध्याकाळी कळण्याच्या आठ भाकरी घ्या, पूर्ण गार झाल्यावरच सुती कापडात बांधा. गरम असताना प्लॅस्टिकमध्ये घातल्या की घाम धरून सकाळी चिकट होतात. सोबत शेंगदाण्याची चटणी, कांदा, थोडं तेल. भरीत नेऊ नका. केळी डझनभर, देठाशी जरा हिरवी असलेली, बॅगेत सगळ्यात वर. लेण्यांत खायला परवानगी नाही, आणि बाहेर माकडं हातातली पिशवी ओढतात, तेव्हा केळी चेन लावलेल्या बॅगेत. पाणी माणशी लिटरभर, चढ आहे.

प्रवासिनी: आणि भरीत सेंटर कधी गाठायचं?

कळणाकोंडा: पोचाल त्या दिवशी दुपारी. भट्टी चालू असताना जा, ताजं कुटून देतात. संध्याकाळी उशिरा उरलेलं पातेल्यातलं मिळेल. भाकरीचं आधी सांगून ठेवा, भरिताला थांबावं लागत नाही, भाकरीला लागतं.